मेट्रो पुण्यात धावली. वरवंडचा प्रवासी कुठे उतरला?

पुणे मेट्रोचा मूळ आराखडा आता कागदावरून जमिनीवर आला आहे. ६ मार्च २०२२ रोजी वनाझ ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी ते फुगेवाडी असे दोन तुकडे सुरू झाले. १ ऑगस्ट २०२३ रोजी हे दोन्ही मार्ग शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाजवळ एकमेकांना मिळाले. ६ मार्च २०२४ रोजी गाडी रामवाडीपर्यंत गेली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी कसबा, मंडईच्या पोटातून स्वारगेटला पोहोचली. सुमारे ३३ किलोमीटरचे हे जाळे शहराला दोन बाजूंनी छेदून जाते. रोजचे प्रवासी दीड-दोन लाखांच्या घरात आहेत.

प्रत्येक उद्घाटनाला प्रस्थापित वर्तमानपत्रांनी पानभर जागा दिली. कोथरूडच्या नोकरदाराने स्कूटर घरी ठेवली, कुटुंबे रविवारी मेट्रोतून फेरफटका मारू लागली, गणेशोत्सवात गर्दीचे विक्रम झाले, हे सगळे छापून आले. ते खोटे नाही. पण पुण्यात रोज शिरणारा माणूस काही फक्त कोथरूडहून येत नाही. तो उरुळी, यवत, केडगाव, वरवंड, पाटस, दौंडहूनही येतो. बांधकामावर येतो, मार्केट यार्डात हमालीला येतो, रुग्णालयात आईला घेऊन येतो, कोर्टाच्या तारखेला येतो, कॉलेजात येतो. त्याच्या प्रवासाची सवय बदलली का, आणि बदलली तर किती, हे कोणी विचारले नाही. म्हणून हा लेख.

वरवंड हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे दौंड तालुक्यातले गाव. बाहेरच्यांना ते तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामामुळे वर्षातून एकदा आठवते. उरलेले दिवस तिथला माणूस ऊस, गुऱ्हाळ, कुरकुंभची एमआयडीसी आणि पुणे या चार दिशांना पोट घेऊन फिरतो. पुण्याला जायचे त्याच्यापुढे दोन मार्ग आहेत. एक एसटीचा, महामार्गाने हडपसरवरून स्वारगेट. दुसरा रेल्वेचा, कडेठाण किंवा केडगावहून पुणे स्टेशन.

योगायोग असा की मेट्रो या दोन्ही ठिकाणी पोहोचली आहे. स्वारगेट हे एका मार्गाचे शेवटचे टोक आहे आणि पुणे स्टेशनासमोर दुसऱ्या मार्गाचे स्थानक आहे. पूर्वी स्टेशनाबाहेर पडले की खेड्यातल्या माणसाची पहिली भेट रिक्षावाल्याशी व्हायची. हातात पिशव्या, सोबत म्हातारी, चेहऱ्यावर गोंधळ. भाडे मीटरवर ठरायचे की चेहऱ्यावर, हे सांगायला नको. आज मेट्रोचे तिकीट १० रुपयांपासून सुरू होते आणि ३५ रुपयांच्या आत शहराचे दुसरे टोक गाठता येते. दर सर्वांना सारखा, फलकावर लिहिलेला. घासाघीस नाही, हुज्जत नाही, 'कुठून आलास' हा प्रश्न नाही. ज्यांच्या तीन पिढ्यांनी प्रवासात अपमान गिळला त्यांना लिहिलेल्या दराची किंमत कळते. मेट्रोवर टीका करायची म्हणून हे नाकारण्यात अर्थ नाही.

जिल्हा न्यायालयाचे स्थानक तर आपल्या लोकांसाठी विशेष कामाचे आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे खटले, जमिनीचे दावे, पोटगी, यांच्या तारखांना दौंड तालुक्यातून येणारा माणूस अकरा वाजता कोर्टात हजर असला पाहिजे. स्वारगेटला उतरून बाजीराव रस्त्याच्या किंवा शिवाजी रस्त्याच्या कोंडीत अडकलेल्या बसमध्ये बसून घड्याळ बघत राहण्याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे. आता स्वारगेटहून मंडई, कसबा आणि लगेच न्यायालय. एवढ्या तुकड्यात तरी वेळेची खात्री आली. सवय बदलते ती वेगाने नाही, अशा खात्रीने बदलते.

पण इथेच एक गोष्ट पाहा. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना एसटीचे तिकीट अर्धे आहे. वरवंडची बाई स्वारगेटपर्यंतचे सत्तावन्न-अठ्ठावन्न किलोमीटर अर्ध्या तिकिटात येते. जिना उतरून मेट्रोत गेली की तिला पूर्ण तिकीट. पीएमपीच्या बसने जावे तर तिथे १ जून २०२५ पासून किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले आणि महिन्याचा पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला. म्हणजे एकाच बाईचा एकाच दिवशीचा एकच प्रवास. त्याच्या एका तुकड्यात ती सवलतीला पात्र आहे आणि पुढच्या तुकड्यात नाही. सवलत बाईला दिलेली नाही, महामंडळाला दिलेली आहे! मेट्रोत विद्यार्थ्यांना तिकिटात ३० टक्के सूट आहे, शनिवार-रविवारी सर्वांना आहे. रविवारी फिरायला जाणाऱ्याला सूट आणि सोमवारी मजुरीला जाणाऱ्या बाईला पूर्ण भाडे, हा हिशेब कोणत्या डोक्यातून निघाला असेल?

आता येरवड्याचे बघा. विश्रांतवाडीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवन आहे. जात पडताळणी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, स्वाधार यांसाठी जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून आपला विद्यार्थी आणि त्याचा बाप तिकडे चकरा मारतो. शिवाय येरवडा म्हणजे पुण्यातल्या मोठ्या कष्टकरी वस्त्यांपैकी एक. रामवाडीपर्यंतची मेट्रो ६ मार्च २०२४ ला सुरू झाली, तेव्हा येरवडा स्थानक बंदच होते. गाडी येरवड्याच्या डोक्यावरून जात होती, थांबत नव्हती. स्थानकाच्या जिन्याची जागा रस्त्यात आली, ती बदलावी लागली, अशी कारणे देण्यात आली. स्थानक उघडले २१ ऑगस्ट २०२४ ला, साडेपाच महिन्यांनी. कल्याणीनगरचे स्थानक मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होते. यात कोणी जाणूनबुजून कट केला असे माझे म्हणणे नाही. पण आराखड्यात चूक झाली की ती नेमकी कोणत्या वस्तीच्या वाट्याला येते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. आणि स्थानक उघडल्यावरही विश्रांतवाडीपर्यंतचा उरलेला प्रवास बस किंवा रिक्षा हाच आहे.

शिवाजीनगरला कामगार पुतळा परिसरातील झोपडपट्टी जिल्हा न्यायालयाच्या स्थानकासाठी हलवली गेली. तिथली कुटुंबे शहराच्या पूर्वेला विमाननगर, हडपसरकडच्या इमारतींत गेली. चार भिंती पक्क्या मिळाल्या, हे खरे. पण शिवाजीनगर, डेक्कनला चालत जाऊन धुणीभांडी करणारी बाई आता दोन वाहने बदलून त्याच घरी कामाला जाते, किंवा ते काम सोडते. ज्यांच्या जमिनीवर स्थानक उभे राहिले त्यांचाच प्रवास लांबला. प्रवासाच्या सवयी बदलल्या म्हणतात त्या अशाही बदलतात.

शिरूरची कथा वेगळी आणि जास्त कडू आहे. शिरूर तालुक्यात रेल्वेच नाही. तिथला माणूस नगर रस्त्याने एसटीने शिवाजीनगर स्थानकात उतरायचा. मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस ते बसस्थानक वाकडेवाडीला हलवले. तात्पुरते, असे सांगितले होते. मेट्रो धावू लागली, भुयार पूर्ण झाले, २०२५ उजाडले, तरी एसटी वाकडेवाडीतच होती. ज्या मेट्रोसाठी बसस्थानक हलले तिच्या दारात शिरूरचा प्रवासी उतरत नाही. १ जानेवारीला कोरेगाव भीमाला विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी देशभरातून येणारे बांधव रामवाडीला मेट्रोतून उतरून पुढे नगर रस्त्याने बस धरू शकतात, एवढा उपयोग झाला. रामवाडी ते वाघोली, विठ्ठलवाडी या वाढीव मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ जून २०२५ रोजी मंजुरी दिली. तो होईल तेव्हा शिरूरकराला शहराच्या वेशीवरच गाडी मिळेल. तोपर्यंत नगर रस्त्याची कोंडी आहेच.

पुन्हा वरवंडकडे येऊ. कारण खरा प्रश्न शहराच्या आत नाहीच, तो कडेठाणच्या फलाटावर आहे.

पुणे ते दौंड हा लोहमार्ग १८५८ चा. म्हणजे दीडशे वर्षांहून जुना. जीआयपी रेल्वेने तो टाकला तेव्हा देशात रेल्वे येऊन पुरती सहा वर्षेही झाली नव्हती. हा मार्ग दुहेरी आहे. त्यावर विजेच्या तारा आहेत. मुंबईहून सोलापूर आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या, मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या, मालगाड्या, सगळे याच रुळांवरून जाते. मग वरवंडच्या माणसाला काय मिळते? दिवसातून हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या शटल गाड्या. २५ मार्च २०१७ रोजी मोठा गाजावाजा करून डेमू सुरू झाली. डेमू म्हणजे डिझेलवर चालणारी गाडी. डोक्यावर विजेच्या तारा आणि खाली डिझेलचा धूर, असा देखावा २०२५ मध्येही होता. पुण्याच्या दुसऱ्या बाजूला लोणावळ्यापर्यंत १९७८ पासून विजेची लोकल धावते. अंतरात फार फरक नाही. लोणावळा ६४ किलोमीटर, दौंड सुमारे ७५. एका बाजूला उपनगर, दुसऱ्या बाजूला खेडे. हा फरक निसर्गाने केलेला नाही.

उपनगरीय दर्जा द्या, ही दौंड मार्गावरच्या प्रवाशांची मागणी जुनी आहे. दौंड स्थानक अनेक वर्षे सोलापूर विभागात होते, तेव्हा पुणे सोलापूरकडे बोट दाखवी आणि सोलापूर पुण्याकडे. २०२४ मध्ये दौंड पुणे विभागात आले. बोट दाखवायला आता दुसरे कोणी उरलेले नाही.

आणि भाड्याची गोष्ट विसरू नका. कोरोनाच्या काळात बंद झालेल्या पॅसेंजर गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांना 'विशेष' आणि 'एक्स्प्रेस' अशी नावे देऊन किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपये करण्यात आले. गाडी तीच, डबे तेच, थांबेही तेच. नाव बदलले आणि भाडे तिप्पट झाले. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस ते पुन्हा १० रुपयांवर आले. मधल्या वर्षांत जवळच्या स्थानकांदरम्यान ये-जा करणाऱ्या मजुराने मोजलेल्या जादा पैशांचा हिशेब कोणत्याही अधिवेशनात झाला नाही. याच काळात पुण्यात मेट्रोच्या उद्घाटनांचे फुगे सुटत होते.

या सगळ्याचा शिक्षणाशी थेट संबंध आहे, म्हणून मी यावर एवढे लिहितो आहे. समजा वरवंडची एक मुलगी बारावी झाली आणि तिला पुण्यात प्रवेश मिळाला. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी दिवेलागणीला घरी परत येता आले, तर तिचे शिक्षण चालू राहील. गाडी चुकली तर पुढची कधी, हेच माहीत नसेल, किंवा एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी शटल मध्येच उभी राहत असेल, तर बाप एक दिवस सहन करील, दोन दिवस करील. नंतर सांगेल, बाई, जवळच्या कॉलेजात जे मिळेल ते शीक. बापाला दोष देऊ नका. अंधारात कडेठाणच्या स्टेशनावरून गावापर्यंतच्या रस्त्यावर तो उभा असतो, आपण नाही.

मग पुण्यात खोली करावी. शासकीय वसतिगृहात जागा मर्यादित. ज्यांना तिथे प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये, त्यात निवासाचे २० हजार. महिन्याला सुमारे १,६६७ रुपये. एवढ्यात पुण्यात खोली सोडा, खाटही मिळत नाही. आणि हे पैसे वेळेवर खात्यात पडत नाहीत, हे आपल्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा. म्हणजे रोज येऊन-जाऊन शिकता येत नाही कारण गाडी नाही, आणि राहून शिकता येत नाही कारण पैसा नाही. या दोन दगडांमध्ये जी मुलगी चिरडली जाते, तिला मेट्रोत मिळणारी ३० टक्के सूट कुठून मिळणार? ती मेट्रोच्या जिन्यापर्यंत पोहोचतच नाही.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधला १९०१ सालचा मसूरचा प्रसंग आपल्या वाचकांना तोंडपाठ आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली मुले रेल्वेने मसूरपर्यंत अगदी व्यवस्थित आली. नवे कपडे, हातात पैसे, सगळे ठीक. अडचण स्टेशनावर उतरल्यावर सुरू झाली. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, गाडीवाले भाडे घेईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याची तयारी दाखवून ती निघाली. बहुतेक जण हा प्रसंग अस्पृश्यतेचा म्हणून सांगतात, आणि तो आहेच. पण प्रवासाच्या अंगाने तो पुन्हा वाचावा. रुळांवर तिकीट काढले की सगळे सारखे होते. विषमता रुळांच्या दोन्ही टोकांना बसलेली होती, जिथे सरकारची गाडी संपते आणि गावाची व्यवस्था सुरू होते. आज गाडीवाला जात विचारत नसेल. पण सरकारी गाडी अजूनही आपल्या वस्तीच्या अलीकडेच संपते, आणि उरलेल्या अंतराचे दुप्पट भाडे आजही आपणच देतो. खासगी जीपमध्ये दाटीवाटीने बसून देतो, महामार्गावर मिळेल त्या टेम्पोला हात दाखवून देतो.

पैसा नाही, असे म्हणावे तर तेही खरे नाही. वर उल्लेख केलेल्या वाघोली आणि चांदणी चौकाच्या वाढीव मार्गांसाठी ३,६२६ कोटी. त्यानंतर पाचच महिन्यांनी, २६ नोव्हेंबर २०२५ रोजी, खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी आणि नळस्टॉप-वारजे-माणिकबाग या मार्गांना सुमारे ९,८५८ कोटी. (तो दिवस संविधान दिन होता, हा निव्वळ योगायोग समजू.) यातला हडपसरचा मार्ग आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सोलापूर रस्त्याची प्रत्येक एसटी हडपसरवरून जाते, मांजरी, लोणीचा कामगार तिथेच उतरतो. मूळ दोन मार्गांत हडपसर नव्हते. कोथरूड होते, कल्याणीनगर होते. पूर्वेची कष्टकरी वस्ती दुसऱ्या पंगतीला बसवली गेली. आता पंगत मांडायचे ठरले आहे, पण जेवण वाढायला बरीच वर्षे लागतील. दौंड मार्गावर मात्र नवा रूळ टाकण्याआधीही बरेच काही होऊ शकते. विजेच्या तारांखाली विजेच्या गाड्या आणणे, सकाळी आणि संध्याकाळी दर अर्ध्या-पाऊण तासाला एक फेरी देणे, एक्स्प्रेससाठी शटल अडवून न ठेवणे. हजारो कोटींच्या तुलनेत ही रक्कम किती असेल? पण अशा कामाला उद्घाटनाची फीत नसते.

एक प्रश्न नोकऱ्यांचाही आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की आपल्या माणसाला गँगमनच्या वर चढू दिले जात नाही. पोर्टरसुद्धा होऊ देत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी काम करावे लागते आणि अस्पृश्य घरात चालत नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी त्याच परिषदेत सांगितले. आज मेट्रोच्या चकचकीत स्थानकात फरशी पुसणारी बाई कंत्राटदाराची आहे. कंत्राटाला आरक्षण लागू नाही. ती पहिली गाडी सुटण्यापूर्वी स्थानकात हजर असते आणि मेट्रो सकाळी ६ ला सुरू होते. म्हणजे जे स्थानक ती झाडते त्या स्थानकाची गाडी तिला कामावर यायला उपयोगाची नाही. महापालिकेच्या सफाई कामगाराची हजेरीही पहाटेची. हा सगळा वर्ग आजही पायी, सायकलने किंवा पहिल्या बसने येतो. मेट्रोने आपल्या कायम आणि कंत्राटी नोकऱ्यांची प्रवर्गनिहाय आकडेवारी स्थानकांवर लावावी. जशी दरांची लावली आहे तशी.

दौंड तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी १४ एप्रिलची वाट पाहू नये. रेल्वेच्या पुणे विभाग व्यवस्थापकांकडे आणि मेट्रोच्या कार्यालयात लेखी मागणी द्यावी. रेल्वेच्या मासिक पासात थोडी रक्कम वाढवून तोच पास पुणे स्टेशनापासून पुढे मेट्रोत चालावा. एसटीतली महिलांची सवलत मेट्रोत आणि पीएमपीतही मिळावी, आणि तिचा भार राज्य सरकारने उचलावा. येरवडा स्थानकापासून सामाजिक न्याय भवनापर्यंत बस असावी आणि ती कार्यालयाच्या वेळेत धावावी. शिवाजीनगरचे बसस्थानक मूळ जागी कधी येणार याची तारीख द्यावी, 'लवकरच' नको. वरवंडच्या ग्रामसभेने कडेठाण स्थानकावर दिवे, पाणी, महिलांसाठी शौचालय आणि स्थानक ते गाव रस्ता यांचा ठराव करून तो वर पाठवावा. ठरावाची पोच घ्यावी आणि महिन्याने माहितीच्या अधिकारात त्याचे काय झाले हे विचारावे.

बाबासाहेबांच्या जयंतीला पुणे स्टेशनजवळच्या पुतळ्याला अभिवादन करायला दौंड मार्गावरून हजारो लोक येतात. मेट्रो रात्री ११ पर्यंत धावते. पण मेट्रोतून पुणे स्टेशनावर परत आलेल्या वरवंडच्या कुटुंबाला घरी नेणारी शेवटची शटल किती वाजता सुटते, आणि ती कडेठाणला थांबते का, एवढे पहिल्याच अर्जात विचारा.